न्याय कोणत्या भाषेत?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली त्याला तारखा, खर्च आणि हेलपाटे यांचा चांगलाच अनुभव असला पाहिजे. परंतु पायरी चढायची की नाही हे ठरविण्यासाठी, आपल्याला त्या पायरीकडे बोलावले आहे एवढे तरी माणसाला कळावे लागते. ज्याला आलेला कागदच वाचता येत नाही त्याने शहाणपण दाखवावे तरी कोठे? हा प्रश्न मला पडला तो एका दूरच्या बेटामुळे आणि आमच्या शेजारच्या आबांमुळे. बेटापासून सुरुवात करते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मॉरिशस हा देश भेटतो तो कराच्या प्रकरणात. भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९८२ साली झाला. त्याचा आधार घेऊन परदेशी भांडवल वर्षानुवर्षे त्या बेटावरून आपल्याकडे येत राहिले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाट कायदेशीर ठरविली. पुढे २०१६ साली करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून खरेदी केलेल्या शेअर्सच्या विक्रीवरील नफ्यावर भारताला कर लावता येऊ लागला. या विषयावर मी टिपण तयार करीत होते. त्या कराराच्या एकेका शब्दावर दोन्हीकडच्या नामांकित वकिलांनी किती बुद्धी खर्च केली आहे हे पाहून थक्क झाले. मग सहज मनात आले, की भांडवलाच्या शब्दांची एवढी काळजी वाहणाऱ्या या देशाचे न्यायखाते आपल्या सामान्य माणसाच्या शब्दांची काळजी कशी घेते? टिपण बाजूला राहिले आणि मी तेच वाचत बसले.

मॉरिशस किती लहान? साऱ्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या सुरत शहराची लोकसंख्या ४४ लाखांच्या वर होती. म्हणजे सुरतेत असे तीन देश मावतील. पण कायद्याचा संसार मात्र मोठा गुंतागुंतीचा. बेट आधी फ्रेंचांचे. १८१० साली ते इंग्रजांनी जिंकले, पण रहिवाशांचे कायदे आणि चालीरीती राखण्याचे वचन दिले. म्हणून आजही तेथील दिवाणी कायद्याचा पाया नेपोलियनच्या संहितेचा आणि कोर्ट चालविण्याची पद्धत बरीचशी इंग्रजी. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, १९९२ साली प्रजासत्ताक झाला. तरीही शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जाते.

तेथे अ‍ॅटर्नी जनरल हा सरकारचा मुख्य कायदेविषयक सल्लागार असून राज्यघटनेनुसार त्याचे पद मंत्र्याचे असते. विधेयकांचे मसुदे त्याच्या कार्यालयात तयार होतात. मात्र फौजदारी खटले कोणावर भरावेत हे ठरविणारा अधिकारी वेगळा. घटनेच्या ७२ व्या कलमाने त्याला कोणाच्याही हुकमाबाहेर ठेवले आहे. सरकारचा सल्लागार आणि खटले भरणारा यांच्यात भिंत असावी, ही साधी गोष्ट एवढ्याशा देशाने लेखी करून ठेवली आहे.

पण मला अधिक महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. त्या बेटावर बहुसंख्य लोकांच्या घरची भाषा आहे क्रिओल. सर्वोच्च न्यायालयाची भाषा आहे इंग्रजी. वृत्तपत्रे बहुतांशी फ्रेंच. अशा ठिकाणी न्याय द्यायचा कसा? घटनेने याचे उत्तर दोन कलमांत दिले आहे. पाचव्या कलमानुसार, अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. दहाव्या कलमानुसार, खटल्याची भाषा आरोपीला समजत नसेल तर त्याला दुभाषा मिळाला पाहिजे आणि त्यासाठी त्याच्याकडून पैसे घेता येणार नाहीत. म्हणजे दुभाषा ही मेहरबानी नाही. वकील बोलू लागण्याआधीच, माणसाला समजले पाहिजे, हे कबूल केलेले आहे.

ही समज त्या बेटाला आयती मिळाली नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ हिंदी मजूर तेथे उतरले. त्यानंतरच्या काळात साडेचार लाखांहून अधिक मजूर उसाच्या मळ्यांसाठी नेले गेले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही बंदरांतून ते गेले. मुंबईच्या वाटेने गेलेल्यांत आपली कोकणी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव करतात आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. या मजुरांनी ज्या करारावर अंगठे उमटविले तो करार वाचणे त्यांतील बहुतेकांच्या शक्तीबाहेरचे होते. 'अ‍ॅग्रीमेंट' हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाला. शब्दाचा असा चुरा झाला, तसाच माणसांचाही झाला. कामावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत तेथे होती. १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्या कामी आदोल्फ द प्लेविट्झ या परक्या गृहस्थाने पुढाकार घेतला, कारण मजुरांना साहेबाच्या भाषेत गाऱ्हाणे मांडता येत नव्हते. अर्जानंतर शाही आयोग नेमला गेला आणि १८७५ साली त्याचा अहवाल आला.

पुढे १९०७ साली बडोद्याचे बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर गांधीजींच्या सांगण्यावरून मॉरिशसला गेले आणि मजुरांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. १९०९ साली त्यांनी 'हिंदुस्तानी' नावाचे वृत्तपत्र काढले. प्रथम ते इंग्रजी आणि गुजरातीत निघे. पण मळ्यांतल्या मजुरांना गुजराती वाचता येईना. तेव्हा मणिलालांनी आपली मातृभाषा बाजूला ठेवली आणि पत्र हिंदीत काढले. मला ही गोष्ट त्यांच्या कोर्टातील कामाएवढीच मोठी वाटते. आपल्याला काय बोलता येते यापेक्षा समोरच्याला काय समजते, हे त्यांनी पाहिले. आणि १९४८ साली जेव्हा बेटावर प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्याला मताचा अधिकार मिळाला, तेव्हा मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या वर गेली. माणसे तीच होती. फक्त त्यांच्या भाषेला भाषा मानले गेले.

आता आबांकडे वळते. माझे घर सुरतेला पर्वत पाटियाला आहे. शिक्षणासाठी मी आजोळी असते आणि सुट्टीत घरी जाते. आमच्या गल्लीत खानदेशातील कितीतरी कुटुंबे आहेत. आबा त्यांपैकीच एक. कापड मार्केटात गठ्ठे वाहण्याचे काम करतात. घरी काकू साड्यांना लेस लावतात. त्यासाठी लागणाऱ्या मशीनकरिता आबांनी एका माणसाकडून चाळीस हजार उसने घेतले होते आणि तारण म्हणून सही केलेला कोरा चेक दिला होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते एक लिफाफा घेऊन आमच्याकडे आले. "बाई, तू शिकेल शे. काय लिखेल शे यामा?" पोस्टमनने सही घेऊन दिलेला तो लिफाफा त्यांनी बँकेचा कागद समजून देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

आत वकिलाची इंग्रजी नोटीस होती. पराक्राम्य संलेख अधिनियम, कलम १३८. हे कलम मी परीक्षेसाठी घोटून पाठ केलेले. चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे, नाहीतर पुढच्या एका महिन्यात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. चाचणी परीक्षेत याच प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. मी ऐटीत सांगितले, "आबा, तुमच्या चेकचा अनादर झाला आहे."

आबा गोंधळले. दोन्ही हात जोडून म्हणाले, "बाई, मी कोणाचा अनादर केला? त्या शेटला मी कधी उलटा शब्द बोललो नाही."

माझ्या पाठ्यपुस्तकातील मराठी आबांच्या मराठीत शिरत नव्हती. शेवटी आतून आई म्हणाली, "अगं, चेक वटला नाही असं सांग ना." माझ्या आईची भाषा कन्नड. लग्नानंतर ती मराठी शिकली, बाजारात गुजराती शिकली. तिला जो शब्द सापडला तो मला, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला, सापडला नाही. माझी मान खाली गेली.

पाकिटावरची तारीख पाहिली. नोटीस मिळून बारा दिवस झाले होते. राहिले तीन. त्या तीन दिवसांत आबांनी काकूंची पोत गहाण ठेवली, साडूकडून थोडे घेतले आणि चेकवरची पूर्ण रक्कम भरली. खरे तर त्यांनी आधीच बरेच हप्ते रोख दिले होते. पण पावती नव्हती, आणि त्याची शहानिशा करायला वेळही नव्हता. पहिल्या दिवशी नोटीस समजली असती तर वकील गाठता आला असता, हप्त्यांचा हिशेब मांडणारे उत्तर देता आले असते. तो उसने देणारा खरा की आबा खरे, हे मी सांगू शकत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. कायद्याने दिलेले पंधरा दिवस होते. त्यांतले बारा भाषेने खाल्ले.

आपला कायदा याबाबत अगदी आंधळा आहे असे नाही. 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणे इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते, त्याने हिंदी प्रत मागितली, ती नाकारली गेली. न्यायालयाने ती स्थानबद्धता टिकू दिली नाही. १९८० साली लल्लुभाई जोगीभाई पटेल यांच्या खटल्यात तर पोलीस अधिकाऱ्याने गुजरातीत तोंडी समजावून सांगितल्याचा दावा होता. तेवढे पुरेसे नाही, लेखी भाषांतर हवे, असे न्यायालय म्हणाले. मराठी, गुजराती, कन्नड, कोणत्याही भाषिकाला अभिमान वाटावा असे हे निकाल आहेत.

तथापि हे संरक्षण ज्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले त्याच्यासाठी आहे. आबांसारख्याच्या हाती येणाऱ्या नोटिशीचे काय? कलम १३८ म्हणते, नोटीस लेखी असावी. ती कोणत्या भाषेत असावी हे ते सांगत नाही. गुजरातमध्ये खालच्या कोर्टांची भाषा गुजराती. उच्च न्यायालयाची, राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार, इंग्रजी. उच्च न्यायालयात प्रादेशिक भाषा यावी असे प्रस्ताव गुजरात, तामिळनाडू, कर्नाटक, पश्चिम बंगाल आणि छत्तीसगड या राज्यांकडून गेले होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारले नाहीत. समजा उद्या ते स्वीकारले गेले, तरी आबांच्या वाट्याला इंग्रजीऐवजी गुजराती येईल. सुरतेत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते. एवढ्या भाषांतून शहर मुलांना शिकवू शकते, तर एवढ्या भाषांतून मोठ्या माणसांना बजावणी का करू शकत नाही?

यावर कोणी म्हणेल, एवढ्या भाषांचा खर्च कोण करणार? आणि एकच भाषा असली तर कामाला शिस्त राहते. आक्षेप खोटा नाही. मीही सगळ्या कोर्टांनी सगळ्या भाषांत चालावे असे म्हणत नाही. निकाल, कायदे, दाखले एका भाषेत असोत. पण माणसाच्या दारात जो पहिला कागद येतो, त्याच्यासोबत चार ओळींची एक चिठ्ठी त्याच्या भाषेत असावी: हे काय आहे, किती दिवसांत काय करायचे आहे, न केल्यास काय होईल आणि फुकट सल्ला कोठे मिळेल. चौथी ओळ फार गरजेची आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. आमच्या गल्लीत ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. मलाही नव्हती.

बरे, मॉरिशस म्हणजे काही रामराज्य नव्हे. तेथेही निकाल इंग्रजीत लिहिले जातात आणि क्रिओल बोलणाऱ्या माणसाला आपलाच खटला दुभाषाच्या तोंडून ऐकावा लागतो. प्रिव्ही कौन्सिलने २००८ साली पोर्ट लुईला येऊन कामकाज चालविले हे खरे, पण एरवी शेवटचा शब्द सातासमुद्रापलीकडेच. हाच देश चागोस बेटांसाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभा राहिला आणि २०१९ साली तेरा विरुद्ध एक अशा मताने ब्रिटनच्या विरोधात सल्ला मिळवून आला. त्या न्यायालयाच्या भाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच. दोन्ही त्या बेटाला अवगत. लहान देश मोठ्या देशाला न्याय मागू शकला, याचे एक कारण त्याला त्या दरबारची भाषा येत होती. मग जे देशाला लागते तेच त्या देशातल्या मजुराला लागत नाही काय?

मित्रहो, हा प्रश्न सुरतेचा आणि मॉरिशसचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आपल्या या अंकाचे दोन विभाग आहेत. आपल्या वर्गात दोन्ही भाषा बोलणारी मुले एका बाकावर बसतात. न्यायालयाच्या निर्णयाला मराठीत 'निकाल' म्हणतात, कन्नडमध्ये 'तीर्पु', गुजरातीत 'चुकादो'. तक्रारीला कन्नड शब्द आहे 'दूरु'. मराठी कानाला तो 'दूर' असा ऐकू येतो, आणि ज्याला भाषा येत नाही त्याच्यासाठी तक्रार खरोखरच दूर असते. सुरतेतल्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळावा असे मी म्हणत असेन, तर जतमधल्या कन्नड शेतकऱ्यालाही तो मिळावा आणि निपाणीतल्या मराठी विडी कामगार बाईलाही मिळावा, असे मला म्हटलेच पाहिजे. आपल्या भाषेपुरता न्याय मागणे हा भाषाभिमान असेल, न्याय नव्हे. मणिलाल डॉक्टरांनी गुजराती बाजूला ठेवली ती याच समजुतीने.

सरकार चिठ्ठी छापेल तेव्हा छापेल. आपण काय करू शकतो? आपल्याकडे दोन भाषा जाणणारे शेकडो विद्यार्थी आहेत. दर शनिवारी दोन तास, महाविद्यालयाच्या एका खोलीत, येईल त्याचा कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. सल्ला देऊ नये, तो वकिलाचा अधिकार. फक्त काय लिहिले आहे आणि तारीख कोणती हे सांगावे, आणि विधी सेवा कार्यालयाचा पत्ता द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण झाडे लावतो, रस्ते झाडतो. त्यात हे एक काम बसणार नाही काय? प्राध्यापकांनी मनावर घेतले तर पुढच्या सत्रापासून सुरुवात होऊ शकेल. वाणिज्य शाखेच्या वतीने माझे नाव पहिले लिहून घ्यावे.

सुट्टी संपवून निघताना आबा भेटायला आले होते. म्हणाले, "बाई, पुढच्या वेळेला कागद आला तर त्याच दिवशी आणीन." मी म्हटले, "आबा, मी इथे नसेन." ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग कोण वाचणार?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्यासाठीच लिहिला.